काठावर फुगवलेलं जाकीट

मुलीचं विमान दुपारी तीनला सुटणार होतं आणि सकाळपासून माझं कामात लक्ष नव्हतं. कांद्याचा वाफा भरून पाणी बांधावर आलं तरी मी मोबाइलकडंच बघत उभा. तिला दोनदा फोन करून विमानाच्या शेपटीवरचा नंबर विचारला. ती वैतागली, "पप्पा, नंबर घेऊन काय करणार तुम्ही?"

बारा-तेरा वर्षांपूर्वी मी आणि माझे वडील, आबा, बसलो होतो ते विमान धावपट्टीच्या अलीकडंच समुद्रात उतरलं होतं, एवढं तिला ठाऊक आहे. त्यात माझं काय चुकलं, ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

भाजीपाला सोसायटीचा परदेशात अभ्यास दौरा होता. मी तेव्हा शिक्रापूरला कंपनीत कामाला, मला इंग्रजी येतं असा घरात समज, म्हणून आबांनी सोबत घेतलं. विमान सुटताना हवाईसुंदरी पिवळं जाकीट घालून काहीतरी समजावत होती. आबांनी विचारलं, "काय म्हणती रं ती?"

मी खिडकीतून फोटो काढत होतो. ऐकलं होतं कुणी? पण बापापुढं तसं कबूल करायला जीभ रेटेना. म्हणालो, "तुमचंच सांगतीया. आधी काठावर तयारी, मग पाणी."

आबांनी आमच्या विहिरीवर निम्म्या गावाला पोहायला शिकवलंय. तोंड डाग देऊन बंद केलेला तेलाचा डबा पाठीला बांधायचा, दोर ओढून बघायचा, मगच उडी. पाण्यात गेल्यावर गाठ मारत बसणारा बुडतो, असं ते बजावायचे. त्यामुळं माझं सांगणं त्यांना लगेच पटलं.

उतरताना बाहेर नुसतं धुकं होतं. खालून दणका बसला, दातावर दात आपटले आणि खिडकीच्या काचेवर पाणी आलं. विमान मोडलं नाही, उथळ पाण्यात अख्खंच बसलं. जाकिटं घालून सगळे दाराकडं सरकले. आबांनी मात्र जागेवरच जाकिटाची दोरी ओढली. ते टम्म फुगलं आणि आबा दोन सीटांच्या मध्ये पाचरीसारखे अडकले. पाणी घोट्याला लागलं, मग पोटरीला. मी त्यांना ओढतोय, मागची माणसं मला ढकलताहेत. माझ्या एका थापेनं माझा बाप माझ्या डोळ्यांदेखत बुडणार होता. शेवटी त्याच हवाईसुंदरीनं पट्टा सोडून जाकीट काढलं, दुसरं दिलं आणि बाहेर पडेपर्यंत दोरीला हात लावू नका, असं खुणेनं सांगितलं.

सगळे वाचलो. पुढं ते विमानही दुरुस्त होऊन पुन्हा माणसं नेऊ लागलं. कंपनीतल्या एकानं मोबाइलवर ती बातमी कौतुकानं दाखवली आणि मी फोटोतला शेपटीवरचा नंबर लिहून घेतला. तेव्हापासून घरातलं कुणी विमानात बसणार म्हटलं की मी नंबर ताडून बघतो.

इकडं दौऱ्यातल्या माणसांनी जाकिटाची गोष्ट गावभर केली होती. यवतच्या बाजारात लोक आबांना विचारायचे, "आबा, यष्टीत बसताना डबा बांधला का?" आबाही हसून म्हणायचे, "माझाच येडेपणा." मी शेजारी उभा राहून तेही ऐकून घ्यायचो. स्वतःची लाज वाटायची, पण तोंड उघडायचं नाही.

मोबाइलवर शोधलं तर मुलीच्या विमानाचा नंबर वेगळा निघाला. तरी जीव थाऱ्यावर येईना. पावणेतीनला तिचा फोन आला, विमानात बसले म्हणून. आबा बाजेवर बसले होते. मी फोन स्पीकरवर टाकून त्यांच्यापुढं धरला.

"बाळ, ते जाकीट भाईर पडल्यावरच फुगवायचं. म्या येडा, आतच फुगवलं व्हतं."

माझ्यानं राहवेना. "आबा, तुमची चूक न्हवती. ती काय म्हणाली ते म्या ऐकलंच न्हवतं. तसंच ठोकून दिलं तुम्हाला."

"ठाव हाय."

"कवापासून?"

"तवापासून. तुझं ध्यान सारं फोटोत व्हतं."

"मग लोकांचं का ऐकून घेतलं इतकी वर्सं?"

आबांनी टोपी काढून डोकं पुसलं. "गटांगळ्या खाणाऱ्याला बोलून काय उपेग? तू काठाला यायची वाट बघत व्हतो."

फोनमधून पोरीचा आवाज आला, "आबा, ठेवते हां. त्या मॅडम जाकीट दाखवायला लागल्यात."

"ठेव," आबा म्हणाले. "आन् नीट आयिक."