सासूबाईंच्या जाममधला भोपळा

लेबलसाहेब म्हणजे अन्न तपासणी खात्यातले निरीक्षक. कुणाकडे चहाला गेले, की आधी साखरेचं पाकीट उलटं करून तारीख वाचायचे. आजारी मित्राला भेटायला गेले, तर उशाशी ठेवलेल्या बिस्किटांची मुदत संपल्याचं सांगून परत आले. तब्येत विचारायची राहूनच गेली. अशा माणसाला जेवायला कोण बोलावणार, सांगा! एकट्या सासूबाई बोलवायच्या, दर रविवारी. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे ते घर म्हणजे साहेबांचं माहेरच होतं म्हणा ना.

सासूबाई घरीच जाम करून विकायच्या. बाटलीवर ठसठशीत अक्षरात 'शंभर टक्के संत्री'. आणि गंमत बघा, बारा वर्षं तो जाम चाटूनपुसून खाताना साहेबांनी ते लेबल एकदाही वाचलं नव्हतं. आता त्याच जामबद्दल तक्रार आली आणि नेमकी त्यांच्याच टेबलावर. नात्यातलं प्रकरण आहे, दुसऱ्या कुणाला पाठवा, असं त्यांनी वरिष्ठांना विनवलं. वरिष्ठ म्हणाले, नात्यातलं आहे म्हणूनच तुम्ही जा, दार तरी उघडतील.

दार उघडलं. नमुन्याचे चार भाग करून सीलबंद करायचे होते, त्यावर साक्षीदाराची सही हवी होती. पण अख्ख्या गल्लीत साक्षीदार मिळेना. जो तो म्हणे, बाटली आमच्याही घरात आहे, कशाला नसती भानगड. शेवटी पोस्टमन कसाबसा तयार झाला आणि पाचवा भाग मला मिळेल का, असं विचारून मोकळा झाला. सीलची लाख वितळवायला सासूबाईंनीच गॅस पेटवून दिला.

अहवाल आला: लाल भोपळा. संत्र्याचा मागमूस नाही, सालसुद्धा नाही. विक्री थांबवा, लेबल बदला, अशी नोटीस साहेब स्वतः घेऊन गेले.

सासूबाईंनी ती सावकाश वाचली. "बारा वर्षं गोड लागला ना?"

"लागला."

"मग आता रविवारी येत जाऊ नका."

साहेब घरी परतले. बायको म्हणाली, तुमचं काही चुकलं नाही. पण ताट मात्र आपटूनच वाढलं. तीन रविवार त्यांनी घरात नुसत्या येरझाऱ्या घातल्या.

चौथ्या आठवड्यात मेव्हणा नवं लेबल मंजुरीसाठी ऑफिसात टाकून गेला. साहेबांनी चष्मा पुसून वाचलं. घटक: लाल भोपळा, साखर, लिंबाचा रस, चिमूटभर मीठ, राग.

वरिष्ठ मागून डोकावले. राग हा घटक नियमात कुठेच बसत नाही, परत पाठवा म्हणाले.

"अहो, पण क्रम बघा की," साहेब यादीवर बोट ठेवत म्हणाले. "जे जास्त, ते आधी लिहायचं असतं. राग मिठाच्याही खाली आहे."

आणि दुपारचे तीनच वाजले असताना, रजेचा अर्जही न देता, ते सासूबाईंकडे जेवायला निघाले.