मागच्या भिंतीची चीजची मांडणी

ज्या दुकानात गिऱ्हाइकांची रांग लागते, तिथं किस्से साठत नाहीत. माणूस येतो, वस्तू घेतो, जातो. माझ्याकडे रांग लागत नाही. माणूस येतो, बसतो, चहा पितो, मांडणीवरची एखादी वस्तू उचलून विचारतो, "आप्पा, हे काय असतं?" आणि तिथून किस्सा सुरू होतो. मांडणीवर माल कमी आणि किस्से जास्त झालेत, असं माझा मुलगा सुरेश म्हणतो. तो टोमणा मारतो. मला ते खरंच वाटतं.

सात रस्त्याच्या मागच्या बोळात आमचं दूधवाल्यांच्या सामानाचं दुकान आहे. कॅन, मापं, गाळण्या, खव्याच्या कढया, रव्या. चौथीत शाळा सुटली तेव्हापासून मी तिथंच बसतो. पाच वर्षांपूर्वी एक जोडपं आलं. पुण्यात नोकरी करून सोलापूरला परतलेले दोघं. बाईंनी विचारलं, "काका, चीज कापायची सुरी आहे का?" मी आठवत होतो. मला बोलायला जरा वेळ लागतो. तेवढ्यात नवराच म्हणाला, "अगं, सोलापुरात कुठली मिळायला? पुण्याहून आणू."

ते गेले. समोरचा चहा मला गोड लागला नाही. आमच्या गावची चादर सगळा मुलूख पांघरतो, आणि एका सुरीसाठी पुण्याला जायचं? चीज म्हणजे नेमकं काय, हेही मला तेव्हा धड माहीत नव्हतं. नातवाच्या डब्यातली चौकोनी वडी, तेवढंच. पण महिन्याभरात मागच्या भिंतीला, कॅनच्या पलीकडे, एक लोखंडी मांडणी उभी राहिली. तिच्यावर सुऱ्या, पाट, साचे, गाळायचं कापड, थर्मामीटर आणि पुस्तकं.

सुरेशनं ती बघितली. "आप्पा, सोलापुरात हे घेणार कोण?"

मी म्हटलं, "जो पुण्याला जाणार नाही, तो."

आता दुकान सुरेशच बघतो. यंदा त्यानं सांगून टाकलं, "दसरा झाला की ही मांडणी काढायची. तिथं इंडक्शन शेगड्या लावणार." मी भांडलो नाही. "नाही" एवढंच म्हटलं आणि रोज सकाळी मांडणी पुसायला लागलो. आधी एक दिवसाआड पुसायचो.

*

माझा मित्र अंबादास यंत्रमागावर म्हातारा झाला. घरात तेलुगू, दुकानात मराठी. रोज दुपारी येऊन कॅनवर बसतो. एकदा मुंबईच्या कुठल्याशा कंपनीचा सेल्समन आला. चीज गाळायच्या कापडाचं पाकीट त्यानं माझ्यापुढं ठेवलं. गुळगुळीत पाकीट, वर गाईचा फोटो.

"इम्पोर्टेड आहे, बाबा. मोठमोठे शेफ वापरतात."

अंबादासनं ते न विचारता फोडलं. कापड दाराच्या उजेडात धरलं, कोपऱ्याकोपऱ्यानं ताणलं, नखानं धागे सरकवून बघितले.

"उभा धागा आडव्याला वळखत न्हाय," तो म्हणाला. "ह्यातनं दही तर सोडाच, म्हैस निसटंल."

दुसऱ्या दिवशी तो काखेत कापडाचा तागा घेऊन आला. सोड्यात उकळून धुतलेला. आम्ही त्या सेल्समनला मुद्दाम थांबवलं होतं. दोन्ही कापडांत एकेक तांब्या दही ओतलं. त्याच्या कापडातनं खाली पांढरं पाणी पडलं, अंबादासच्या कापडातनं हिरवट नितळ. सेल्समन खाली वाकून बघत राहिला.

"बाबा, हे कुठल्या ब्रँडचं?"

"माझ्या साडूच्या," अंबादास म्हणाला.

*

विजापूर रोडच्या एक वहिनी चीज मांडायचा लाकडी पाट घेऊन गेल्या. सागवानी, एका बाजूला दांडा. आठ दिवसांनी परत आल्या. मला वाटलं, चीर गेली.

"पाट चांगला आहे आप्पा. पण हा दांडा पोळी लाटताना पोटाला लागतो."

मी म्हटलं, "वहिनी, तो चीजचा आहे. पाहुण्यांपुढं चीज मांडून ठेवायला."

"चीज महिन्यातून एकदा येतं. पोळ्या मी रोज लाटते. मग पाट कुणाचा?"

मी करवत घेतली आणि दांडा कापून दिला. पुढच्या महिन्यात त्यांच्या सोसायटीतल्या तिघी आल्या. तिघींनाही 'तो बिनदांड्याचा चीजचा पाट' हवा होता.

*

पुस्तकांचं मात्र मला अवघड गेलं. सगळी इंग्रजी. मला इंग्रजीत दुकानाच्या पाटीवरचं नाव तेवढं ओळखता येतं. तरी पुस्तकं मीच निवडतो. पुस्तकवाला गठ्ठा घेऊन आला की मी एकेक पुस्तक मधोमध उघडून काउंटरवर ठेवतो आणि हात काढून घेतो. आपोआप मिटलं तर परत. उघडं राहिलं तर ओलं बोट पानावर फिरवतो. शाई पसरली तर परत.

"अहो, आत काय लिहिलंय ते तरी विचारा," पुस्तकवाला वैतागला.

मी म्हटलं, "ज्याला वाचता येतं तो वाचेल. त्याचे हात दुधात बुडालेले असताना पुस्तक उघडं राहतं का, तेवढं मला बघू दे."

वाचायला देशपांडे बाई आहेत. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालेल्या. कडक बाई, माझ्यासारख्या म्हाताऱ्यालाही "पाय खाली सोडून बसा" म्हणतात. पण माझ्यासाठी त्या पुस्तकाच्या कडेला पेन्सिलीनं मराठीत लिहून ठेवतात. एकदा एका पानाशी थांबल्या, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"काय झालं, बाई?"

"इथं लिहिलंय, चीज दोन तास खोलीतल्या तापमानाला ठेवावं."

तेव्हा एप्रिल चालू होता. बोळात कुत्रीसुद्धा गटाराच्या फरशीखाली जाऊन झोपली होती. बाईंनी ती ओळ खोडली आणि कडेला नीट अक्षरात लिहिलं, 'कोणाच्या खोलीतल्या?'

ते पुस्तक मी विकलेलं नाही.

*

बिरू मंद्रूपकडचा. शेळ्या-मेंढ्या राखतो. शेळीचं दूध ना डेअरी घेत, ना हॉटेलवाला. त्याची बायको लक्ष्मी एकदा गाळणी घ्यायला आली आणि मांडणीपुढं बसली ती दोन तास. बाईंनी तिला पुस्तकातलं वाचून दाखवलं. जाताना तिनं साचा, कापड आणि थर्मामीटर नेला.

बिरू म्हणाला, "दूध नासवायला पुस्तक लागतंय व्हय?"

लक्ष्मी म्हणाली, "न्हाय. तुमच्यासंगं ऱ्हायला लागतंय."

पंधरा दिवसांनी बिरू एकटाच आला, थर्मामीटर फडक्यात गुंडाळून. "आप्पा, तुमचं मशिन बिगडलंय. शेळी तापानं फणफणलीया आन् ह्यो एक्केचाळीसच दाखवतो. एक्केचाळीस तर मेल्याचं असतंय!"

बाईंनी त्याला सेल्सिअस आणि फॅरनहाइट समजावून सांगितलं. त्यानं मान हलवली. मग मी सावकाश विचारलं, "बिरू, शेळीला तू हा लावलास कुठं?"

बिरू थर्मामीटर परत फडक्यात गुंडाळायला लागला. बाई लांबच्या फळीवरची पुस्तकं सारखी करायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मी आली. "आप्पा, नवा द्या. आन् जुन्यावर ह्यांचं नाव घाला."

*

शिमग्याच्या आसपास लक्ष्मीनं मोठं चीज मुरायला लावलं. कोल्ड्रिंकवाल्याचा जुना फ्रिज घेऊन, त्याचा थंडावा बेताचा ठेवून, आत फळीवर एक पायलीएवढा गोळा. उन्हाळ्यात लाइट गेली की ती फ्रिजवर ओली पोती टाकायची आणि दुपारभर पाणी मारत बसायची. बिरूला तो फ्रिज विकायचा होता. "दसऱ्याला बगू," ती म्हणायची. म्हणजे दसऱ्याची जी मुदत मला होती, तीच तिलाही.

असं चीज आतून कसं झालंय, हे कापल्याशिवाय कळत नाही, आणि मुदतीआधी कापलं तर वाया जातं. बाईंनी पुस्तकात त्याचं हत्यार शोधलं. उभी अर्धी कापलेली नळी आणि तिला मूठ. ती खुपसायची, फिरवायची आणि आतला नमुना काढायचा.

सुरेश म्हणाला, "मागवा आता परदेशातनं नळी."

मी चित्र बघत होतो. "ही आपल्या मार्केट यार्डात आहे," मी म्हटलं.

कुणालाच पटेना. मग मी अंबादासला रिक्षात घालून भुसार बाजारात नेलं. अडत्याच्या हातात तीच नळी. ज्वारीच्या पोत्यात खुपसायची, ओंजळभर दाणे बाहेर काढायचे, दाताखाली धरून बघायचे. मी लहानपणी तिथं दूध घालायला जायचो तेव्हापासून बघत आलोय. तशीच, पण बारीक आणि स्टीलची, लोहाराकडून करून घेतली आणि मांडणीच्या मधल्या खिळ्याला टांगली.

गणपती उठले आणि तेच पुण्याहून आलेलं जोडपं परत आलं. नवऱ्यानं नळी काढून हातात घेतली.

"अगं, हे बघ! हे आपल्याला पुण्यातसुद्धा मिळालं नव्हतं. काका, केवढ्याला?"

नळी एकच होती. लोहार गावाला गेलेला. मंद्रूपला फ्रिजमध्ये गोळा वाट बघत होता.

"ही द्यायची नाही," मी म्हटलं.

सुरेशनं कपाळाला हात लावला. "आप्पा, माणूस आपणहून मागतोय. मग यांनी काय करायचं?"

मी नळी त्यांच्या हातातनं घेऊन परत खिळ्याला टांगली.

"पुण्याला बघा म्हणावं."

चहा मात्र पाजला. दोघांनाही. सुरीसकट दोन वस्तू ते घेऊन गेले.

*

खंडेनवमीला आम्ही दुकानातली सगळी हत्यारं पूजतो. वजनमापं, करवत, पत्रा कापायची कात्री. मी चीजच्या सुऱ्यांनाही हळदकुंकू लावलं, नळीलाही लावलं, आणि मांडणीला झेंडूची माळ घातली.

"परवा काढायचीच आहे, आप्पा," सुरेश हळूच म्हणाला. तो वाईट पोरगा नाही.

"काढेपर्यंत हत्यारंच आहेत," मी म्हटलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन हमाल आले. शेगड्यांची खोकी दारात उतरली. सामान खाली काढून झालं. मी कॅनवर बसून होतो. माझ्या शेजारी अंबादास. बाई उभ्याच होत्या. हमाल पाना घेऊन मांडणीचे नट सोडवायला लागला, तेवढ्यात मंद्रूपच्या एसटीनं लक्ष्मी आली. डोक्यावर स्टीलचा डबा, त्यावर ओलं कापड. मागं बिरू, फ्रिजला गिऱ्हाईक ठरवल्याच्या तोऱ्यात.

"आप्पा, नळी द्या."

"वहिनी, जरा लवकर आटपा," सुरेश म्हणाला. "मांडणी काढायची आहे."

"ह्येला लवकर चालत न्हाय, दादा."

तिनं नळीवरचं कुंकू पुसलं, नळी गरम पाण्यानं धुतली, कोरडी केली. गोळा काउंटरवर ठेवला. वरून मातीच्या रंगाचा, खरखरीत. तिनं डोळे मिटले आणि नळी खुपसली. अर्धा वेढा दिला. सावकाश बाहेर ओढली.

नळीत हस्तिदंतासारखी कांडी आली होती. बाईंनी वास घेतला आणि चष्मा काढला. अंबादासनं एक कण दोन बोटांत धरून सूत चोळावं तसा चोळला, मग जिभेवर ठेवला. बिरूनं खाल्लं आणि बाहेर रस्त्याकडे बघायला लागला. माझा कण मी बराच वेळ तोंडात ठेवला. आधी दूध लागलं, मग मीठ, मग रानातला पाला.

सगळ्यात शेवटी सुरेशनं माझ्याकडे बघत एक कण घेतला. चावला. थांबला. परत चावला. मग हात पुढं केला.

"अजून थोडं द्या."

"बास," लक्ष्मी म्हणाली. उरलेली कांडी तिनं भोकात परत बुचासारखी बसवली, वरून अंगठ्यानं लोणी लावून चीर बुजवली आणि डब्याचं झाकण लावलं. "मदी कच्चं हाय. अजून झालं न्हाय."

"मग कधी होणार?"

"संक्रांतीला. भोगीच्या भाकरीसंगं खावा."

बिरू काहीतरी बोलणार होता. लक्ष्मीनं त्याच्याकडे बघितलं, आणि तो डबा उचलायला पुढं झाला.

मागच्या भिंतीकडून हमालानं आवाज दिला, "शेठ, दोनच नट ऱ्हायलेत. काढू?"

सुरेशची नजर अजून डब्यावर होती. जीभ त्यानं दातांवरनं एकदा फिरवली.

"संक्रांतीला या," तो म्हणाला.