डाव्या हाताचा रोबो

मित्सुएआजी आधी वास घेत. तोक्योच्या तातेइशी भागातल्या बाजारगल्लीत तेत्सुओचं जुन्या खेळण्यांचं दुकान होतं. तिथे कुणी पत्र्याचा रोबो विकायला आणला की तेत्सुओ आजींना फोन करी. मग सत्त्याहत्तर वर्षांच्या ओनोदेरा मित्सुए हातातलं विणकाम बाजूला टाकून, चपला फटफटवत हजर होत. जुन्या पत्र्याला गंजाचा आणि यंत्राच्या तेलाचा वास येतो, नकलेला नव्या रंगाचा. वास झाला की भिंग. अस्सल मालावर रंग सपाट बसलेला असतो. नक्कल फोटोवरून छापलेली, म्हणून भिंगाखाली ठिपके ठिपके दिसतात. खोकं असलं तर कोपऱ्यातल्या पिना बघायच्या. पिनेभोवती गंजाचा तांबूस डाग नसेल तर ते खोकं काल-परवाचं समजावं.

आणि सगळ्यात शेवटी पाठ. रोबोच्या पाठीचा पत्रा छातीच्या पत्र्याला छोट्या छोट्या जिभांनी जोडलेला असतो. खाचेतून जीभ बाहेर काढायची आणि अंगठ्याने दुमडायची, बस. आजींनी तेत्सुओला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, "आमच्या कारखान्यात जिभा उजवीकडे दुमडत. डावीकडे दिसली की समज, दुसऱ्या कुणाचं तरी काम आहे."

हे निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं आजींनी साठ वर्षं पोटात ठेवलं होतं.

पंधराव्या वर्षी शाळा संपताच उत्तरेकडच्या अकिताहून शंभरेक मुलामुलींसोबत मित्सुए रेल्वेने तोक्योत आली आणि नदीकाठच्या एका खेळण्यांच्या कारखान्यात लागली. काम एकच, पाठी बसवायच्या. दिवसाला तीनशे पाठी. पण पोरगी डावखुरी. घरी आईने चॉपस्टिक्स उजव्या हातात कोंबल्या, शाळेत मास्तरांनी ब्रश. पण घाईचं काम आलं की डावा हात आपला पुढे. जित्याची खोड, दुसरं काय! मुकादम नुमातासाहेब समोर असले की तिच्या जिभा उजवीकडे वळत, पाठ फिरली की डावीकडे. एकदा त्यांनी पकडलंच. अख्ख्या खोलीसमोर रोबो उंच धरून म्हणाले, "मित्सुए, ही डावरी पाठ अमेरिकेला पोचायच्या आत उघडी पडेल. भर समुद्रात आतडी बाहेर!" खोलीभर पोरी खिदळल्या. मित्सुएसुद्धा हसली, आणि मग संडासात जाऊन रडली.

माल सगळा अमेरिकेला जाई. चाचणी खालच्या मजल्यावर होई, त्यामुळे तिने बसवलेला एकही रोबो तिने कधी चालताना पाहिला नाही. पुढे कारखाना बंद पडला, लग्न झालं, नवरा गेला. गेली वीस वर्षं आजी दर रविवारी देवळाच्या आवारातल्या जुन्या बाजारात जाऊन रोबोंच्या पाठी बघत. लोकांना वाटे, म्हातारीला केवढा नाद! आजी आपल्या डाव्या जिभा शोधत होत्या. पाठ टिकली की भर समुद्रात उघडी पडली, एवढंच त्यांना मरायच्या आत कळायला हवं होतं.

त्या दिवशी तेत्सुओने त्यांना बोलावलंही नव्हतं. आजी मुळ्याचं लोणचं द्यायला म्हणून गेल्या होत्या. दुकानाच्या दाराशी नकलांची टोपली, कुठलाही उचला, दोन हजार येन. आजींनी सवयीने वरचा राखाडी रोबो उचलला, उलटा केला, आणि त्या खाली बसल्याच.

"काय झालं आजी? कंबर धरली का?"

"हा कुठून आला?"

"अमेरिकेतून एक खोकं मागवलं होतं ना, त्यात. आत सात नकला निघाल्या. हा आठवा. बघा की, जिभा डावीकडे. तुम्हीच शिकवलंत!"

आजींनी रोबोच्या पायांना नाक लावलं. गंज, तेल. जिभांवर बोट फिरवलं. वरच्या दोन उजवीकडे, खालच्या सहा डावीकडे. म्हणजे नुमातासाहेब दुसऱ्या जिभेपर्यंत समोर होते, तिसरीला गेले. काखेत कळसा आणि गावाला वळसा! वीस वर्षं देवळाचे उंबरे झिजवले, आणि हा गल्लीतच टोपलीत पडलेला.

"आवडला?" तेत्सुओ म्हणाला. "न्या तसाच. पैसे नकोत, लोणचं आलंय ना!"

आजींनी मनाशी हिशेब केला. अस्सल म्हणावं, तर त्याची किंमत म्हणजे आजींच्या खोलीचं दोन वर्षांचं भाडं. गप्प राहिलं तर फुकट. शिवाय खरं सांगायचं म्हणजे डाव्या हाताचं बिंग फोडायचं, तेही आपल्याच शिष्यासमोर. त्यांनी रोबो रुमालात बांधला, वाकून आभार मानले आणि बाहेर पडल्या.

बटाट्याच्या क्रोकेटच्या दुकानापर्यंत गेल्या. दोन घेतले. तळणाऱ्या बाईने विचारलं, "आजी, रुमालात काय?" आणि आजींच्या तोंडून निघालं, "चोरीचा माल." बाई खो खो हसली. आजींना मात्र हसू येईना. त्या तशाच मागे फिरल्या.

"तेत्सुओ," काउंटरवर रोबो ठेवत त्या म्हणाल्या, "मी तुला खोटं शिकवलं. कारखान्यात एक कार्टी डावखुरी होती. जिभा डावीकडे वळवायची."

"कोण?"

आजींनी डावा हात वर केला.

तेत्सुओने घाईघाईने रोबोच्या पायातलं सेलचं झाकण उघडलं. आत जुना तांबूस गंज. भिंग लावलं. एक ठिपका नाही. त्याचा चेहरा उतरला.

"आजी, मी हा दोन हजारांना विकणार होतो!"

"गाढवा, मी तुला चार गोष्टी शिकवल्या आणि तू एकच धरून बसलास. वास कुणी घ्यायचा?"

"आणि खोटं शिकवणाऱ्या गुरूला काय म्हणायचं?"

"गाढवाची आजी म्हण," आजी म्हणाल्या आणि मग दोघंही हसत सुटली. तेत्सुओने आजींच्या पुडीतला एक क्रोकेट न विचारताच उचलला.

"तुम्हीच ठेवा हा," तो तोंड पुसत म्हणाला. "तुमचाच आहे."

"माझा कसला? खेळणं विकायलाच बनवलं होतं. अस्सल म्हणून लाव आणि चांगली किंमत घे. फक्त एकदा चालवून दाखव."

तेत्सुओने काचकागदाने गंज घासला, दोन जाडे सेल घातले, कळ दाबली. काही नाही. आजींनी काउंटरवर थाप मारली. रोबोच्या आत कुरकुर झाली, डोळ्यांत मिणमिणता पिवळा उजेड आला, आणि तो खडखडत एक पाऊल पुढे आला. मग दुसरं. आजी दोन्ही हात पुढे करून, मागे मागे सरकत होत्या. "ये, ये," म्हणत होत्या, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायचं त्यांना सुचलंच नाही.

काउंटरच्या कडेला त्यांनी त्याला धरलं. तेत्सुओ चिठ्ठी लिहायला बसला: अस्सल. जिभा डावीकडे, ओनोदेरा मित्सुए यांच्या हातच्या. आजींनी रोबो उलटा केला आणि आठही जिभा अंगठ्याने दाबून पाहिल्या. एकही हलली नाही.

"नुमातासाहेब," त्या म्हणाल्या, "जाऊन आला बघा. दोनदा समुद्र ओलांडला."