बर्नडीन हुडाकची खराब कार्डं

बर्नडीन हुडाक घासाघीस करायला उभी राहिली की भल्याभल्यांना घाम फुटायचा. महिन्याच्या पहिल्या रविवारी, चर्च सुटलं की, नदीकाठच्या त्या गावात आगीच्या बंबवाल्यांच्या हॉलमध्ये बेसबॉलच्या जुन्या कार्डांचा बाजार भरतो. लांबलचक टेबलं, त्यांवर काचेच्या पेट्या, आणि पेट्यांत साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे खेळाडू खांद्यावर बॅट टाकून हसत असतात. कधीकाळी ही कार्डं च्युइंगगमच्या पाकिटात फुकट निघायची. आता त्यातल्या काहींच्या किमतीत मोटार येते. कार्डाचा कोपरा दुमडलेला असला की किंमत अर्धी, आणि पेन्सिलीची रेघ दिसली की गिऱ्हाईक तोंड फिरवतं.

बर्नडीन त्या काचेच्या पेट्यांकडे ढुंकूनही बघायची नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात जन्मभर पोरांना वाढून निवृत्त झालेली बाई. ती थेट कॅझ व्रोन्स्कीच्या टेबलापाशी जायची आणि टेबलाखालचं खराब मालाचं खोकं ओढायची. खोक्यातलं एकेक कार्ड नाकाशी धरून बघायची आणि मग तोफ डागायची.

"हे काय विकायला ठेवलंयस, कॅझ? कुणा कार्ट्याने कोपऱ्यात गिरगटून ठेवलंय. लाज नाही वाटत?"

"मग नको घेऊस, बाई. कुणी बंदूक रोखलीय का?"

"घेते. तुझी कीव येते म्हणून घेते."

कॅझ हसायचा, ती देईल ते खिशात टाकायचा. तो बस चालवून निवृत्त झालेला. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि बर्नडीनची ही शिवीगाळ ऐकली नाही तर रविवार त्याला अळणी लागायचा. बर्नडीनही बडबड करून झाली की पिशवीतून कोबी घातलेल्या नूडल्सचा डबा काढून त्याच्यापुढे आदळायची. खा म्हणायची नाही, नुसता आदळायची.

आता खरं सांगायचं तर ही सगळी बडबड नाटक होतं. या बाजाराचा नियमच आहे, जे हवं त्याच्याकडे बघून नाक मुरडायचं, नाहीतर विकणारा डोक्यावर बसतो. बर्नडीनला नेमकी ती गिरगटलेली कार्डंच हवी असायची. तीही सगळी नाहीत. कोपऱ्यात बरोबरची खूण असावी आणि ती उलटी असावी, लांब पाय डावीकडे गेलेला. तशी खूण दिसली की ती आणखीच जोरात कुरकुरायची.

कारण त्या खुणा तिच्याच हातच्या होत्या.

ती सहा वर्षांची असताना तिच्या मोठ्या भावाला, एमिलला, संधिवाताचा ताप आला आणि तो काळजाला जाऊन भिडला. तेव्हाच्या डॉक्टरांकडे एकच उपाय, पडून राहायचं. उठायचं नाही, हात उचलायचा नाही. अकरा वर्षांचं पोर वसंतापासून पानगळीपर्यंत छताकडे बघत पडून होतं. उशाशी रेडिओ, रेडिओवर पिट्सबर्गच्या टीमचे सामने, आणि ती टीम तेव्हा हरण्यात अगदी पटाईत. पांघरुणावर एमिलची कार्डं मांडलेली असायची. सामना चालू असताना एमिल म्हणायचा, "बर्नी, याला एक दे," की बर्नी डाव्या हातात पेन्सिल धरून त्या खेळाडूच्या कार्डावर बरोबरची उलटी खूण करायची. एमिल ख्रिसमसच्या आधीच गेला. आईने त्याचं सगळं सामान चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत देऊन टाकलं, कार्डांसकट. बर्नीला कुणी विचारलं नाही. त्या दिवसापासून घरात एमिलचं नाव निघालं नाही, आणि जे गप्प बसले तेही एकेक करून गेले. जगात आता एमिल हुडाकला ओळखणारं एकच माणूस उरलं होतं. बर्नडीनला भीती वाटायची की आपणही गेलो की तो मुलगा झालाच नव्हता असं होईल. म्हणून ती खोकी उपसत फिरायची. इतक्या वर्षांत जेमतेम मूठभर कार्डं हाती लागली होती.

यंदाच्या मे महिन्यात बाजार आटोपला आणि माणसं टेबलं मिटायला लागली तेव्हा कॅझने तिला थांबवलं. कानापर्यंत लाल झाला होता. त्याने टेबलावर एक पुठ्ठ्याची पेटी ठेवली.

"वाढदिवस आहे ना तुझा या आठवड्यात? उघड."

बर्नडीनने झाकण काढलं. आत एमिल आजारी पडला त्या एकाच वर्षीची कार्डं होती, गठ्ठाच्या गठ्ठा, कोपरे जरा झिजलेले, बाकी लख्ख. तिला काही उमजेना.

"पलीकडच्या गावात एका म्हातारीचा माळा रिकामा केला," कॅझ सांगायला लागला. त्याला सांगायची घाई झाली होती. "हा गठ्ठा निघाला. पण सगळ्यांवर पेन्सिलीच्या खुणा, अगं, उलट्यासुलट्या. म्हटलं, ही बाई दर वेळी कुरकुर करते आणि पेन्शनीत बसतं म्हणून तेच खराब घेते. एकदा तरी हिला स्वच्छ कार्डं मिळू देत. हिवाळाभर बसलो. मऊ रबराने, हलक्या हाताने, एकेक पुसली. बघ, दिसतंय का काही?"

बर्नडीन मिटायला काढलेल्या खुर्चीवर बसली. रागवायचं तरी कुणावर? कार्ट्याने गिरगटलंय, हे तिचेच शब्द. इतकी वर्षं तिनेच ते त्याच्या कानात ओतले होते. तिने कार्डांवरून बोट फिरवलं आणि तिला रडू फुटलं, मोठ्याने, आजूबाजूच्या लोकांची पर्वा न करता.

"बर्नडीन? काय झालं? अगं, बोल ना."

"त्या खुणा माझ्या होत्या, कॅझ."

मग तिने सांगितलं. एमिल, रेडिओ, पांघरूण, सगळं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने ते नाव दुसऱ्या माणसासमोर उच्चारलं. ऐकता ऐकता कॅझचा चेहरा राखेसारखा झाला.

"मी गाढव आहे," तो म्हणाला. "म्हातारा, अर्धवट गाढव."

बर्नडीनने नाही म्हटलं नाही.

कॅझने पेटी स्वतःकडे ओढली. मग त्याने खिशातला छोटा टॉर्च काढला. पुसलेलं कार्ड ओळखायला या धंद्यातले लोक उजेड आडवा टाकून बघतात. त्याने पहिल्या कार्डावर उजेड आडवा धरला. कोपऱ्यात पुठ्ठ्यावर बारीक चरे दिसले, उलटे.

"दाबून करायचीस गं," तो हळूच म्हणाला.

"जीभ बाहेर काढून."

एकेक कार्ड बघत दोघं बसले. एका कार्डावर कॅझ अडला. "हॅल ग्रीशम? याचा तर कोपरा भरलाय! तुझी काहीतरी गफलत झाली. या माणसाने त्या वर्षी एक धड फटका मारला नाही. माझा बाप रेडिओला बूट फेकून मारायचा."

बर्नडीन ओल्या डोळ्यांनी हसली. "म्हणूनच. चांगलं खेळला त्याला एमिल एक द्यायला सांगायचा. पण ग्रीशम बाद झाला आणि लोक ओरडायला लागले की म्हणायचा, 'बर्नी, याला दोन दे. आज याच्याशी घरीसुद्धा कुणी चांगलं बोलणार नाही.'"

 कॅझने टॉर्च खाली ठेवला आणि नाक शिंकरलं. "चांगला पोरगा होता," तो म्हणाला, जणू काल-परवाच भेटला होता. मग शर्टाच्या खिशातून त्याने किमती लिहायची पेन्सिल काढून तिच्यापुढे धरली. "घे. सगळ्या परत कर. मी उजेड धरतो."

"किंमत मातीत जाईल त्यांची."

"जाऊ दे मसणात."

नन्सनी पुढे शाळेत छड्या मारून बर्नडीनला उजव्या हाताने लिहायची सवय लावली होती. तिने पेन्सिल डाव्या हातात घेतली. पण कार्डाकडे न जाता तिने कॅझचा हात ओढला, टेबलावर पालथा घातला आणि त्यावर एक खूण केली, मग दुसरी. म्हाताऱ्या कातडीवर पेन्सिल उठेना, म्हणून तिने चांगली दाबून केली. कॅझ आई गं म्हणाला, पण त्याने हात काढून घेतला नाही.