मायचा अंगठा

पडद्यावर माझी माय होती. भिंतभर. खाली ओळ : पालकांचा सहभाग शून्य.

नंदुरबारच्या सभागृहात शिक्षण संशोधनाचा अहवाल मांडला जात होता. पुण्याहून आलेले सर म्हणाले, "बघा. पुस्तक समोर उघडं आहे आणि बाई हात पाठीमागे घेऊन लांब उभ्या आहेत. ही उदासीनता."

मागे कोणी म्हणालं, चेहऱ्यावरच दिसतंय. दोघी-तिघी हसल्या. लोकांनी वहीत लिहून घेतलं.

फोटो मीच काढलेला. मी या सर्वेक्षणात घरोघर फॉर्म भरायचे. घरातली पहिली ग्रॅज्युएट, गळ्यात ओळखपत्र, मान ताठ. शेवटच्या दिवशी एक घर कमी पडलं म्हणून मायचाच फॉर्म भरला. बहिणीचं पुस्तक उघडून मायला उभं केलं. 'पालक पुस्तक हाताळतात का?' नाही. खूण केली. का नाही, त्याला रकानाच नव्हता.

सरांकडे घराचा फक्त नंबर गेला. ती माझी माय, हे त्यांना काय माहीत? त्यांनी मला उभं केलं. म्हणाले, हिच्यामुळे आपल्याला अशा घरांत शिरता आलं. टाळ्या वाजल्या. आणि मी हसले. ते हसू अजून तोंडात कडू आहे.

मग माईक मागितला.

"ती माझी माय आहे. दिवसभर मिरचीचे देठ खुडते. हातांची आग पानांना लागेल, पानांवरून आमच्या डोळ्यांत जाईल, म्हणून तिनं माझ्या पुस्तकाला कधी हात लावला नाही. लांब उभी राहून मी वाचते का ते बघायची. फोटो उतरवा."

सर शांतपणे म्हणाले, "भावनिक होऊ नका. संमतीपत्रावर त्यांचा अंगठा आहे."

होता. मीच घेतलेला. न वाचता.

संध्याकाळी मायला सगळं सांगितलं. ती हाताला तेल चोळत होती.

"त्या कागदवर काय लिखेल व्हतं?"

मी पिशवीतून संमतीपत्राचा कोरा नमुना काढला आणि त्यात शोधू लागले.

"तू शिकेल शे ना? मंग तूबी नई वाचं?"

त्या वेळी पहिल्यांदा मी तो कागद पूर्ण वाचला. अहिराणीत, तिच्यासमोर. शेवटी शेवटी एक ओळ होती : संमती केव्हाही मागे घेता येईल.

मायनं हात थांबवला. "म्हंजे आते नई म्हनता येई?"

"येई."

"मंग लिख. नई."

लिहिलं. खाली तिचा अंगठा घेतला, या वेळी वाचून दाखवून. तो कागद सरांना पाठवला. दुसऱ्या दिवशी माझं नाव कामावरून काढलं. काढू द्या.

मी गावागावांत अंगठे घेत फिरले आहे. कोणालाच तो कागद वाचून दाखवला नाही. ती सगळी दारं मला पाठ आहेत. उद्या पहिल्या दारात बसणार. त्यांच्या बोलीत शेवटच्या ओळीपर्यंत वाचणार. जो 'नाही' म्हणेल त्याचं 'नाही' कागदावर लिहून घेणार, आणि सरांच्या टेबलावर नेऊन ठेवणार.