फुंकर मारणारे भाऊ

मुलांनो, कोळसा खाणींकडे जाणाऱ्या घुग्घुसच्या रस्त्यावर माझी, म्हणजे तुमच्या आजीची, स्कूटर दुरुस्त करणारे एक भाऊ आहेत. ते प्रत्येक गोष्टीवर फुंकर मारतात: प्लगवर, चहावर, मी बसायच्या आधी स्टुलावरच्या कोळशाच्या धुळीवर. सध्या ते मोबाइलवर पाहून माउथ ऑर्गनवर ब्लूज, म्हणजे अमेरिकेतलं दुःखाचं संगीत, शिकताहेत. धड्यातलं इंग्रजी मी त्यांना मराठीत सांगते.

ब्लूजमधला तो वाकलेला, रडवेला सूर फुंकून निघत नाही, श्वास आत ओढून निघतो. भाऊ सगळा जोर लावून ओढत आणि बाजा नुसता किंचाळे. शेवटी बायकोने बजावलं, "रविवारपर्यंत जमलं त जमलं, नाई त बाजा भंगारात!"

शनिवारी भाऊ रडकुंडीला आले होते. "बाई, मले आत ओढताच येत नाई. जिंदगी फुंकण्यातच गेली."

"मग टाकीतलं पेट्रोल नळी लावून कसं काढता?"

"ते हळूच ओढा लागते. नाई त तोंडात येते ना!"

"तसंच ओढा."

त्यांनी कॉम्प्रेसर बंद केला, डोळे मिटले आणि हळूच ओढलं. सूर खरंच वाकला. मी टाळी वाजवणार, तोच भाऊ सवयीने गटाराकडे वळले आणि थुंकले.

"उद्या बायकोसमोर तेवढं थुंकू नका," मी म्हटलं.

सोमवारी विचारलं, बाजा वाचला का?

"वाचला ना, बाई. पण तिनं पायापाशी बादली आणून ठेवली."