मोटारीचा सव्वा महिना

गॅरेजात कुठलंही इंजिन खोलून परत बांधलं, की शेवटी दोन-चार नटबोल्ट उरतातच. ते कुठले, ते कुणालाच सांगता येत नाही. पण फेकवतही नाहीत! ह्यांच्याकडं तसल्या नटबोल्टांचा एक अख्खा डबा भरलाय. किस्स्यांचंही तसंच. काम होऊन जातं, मोटार निघून जाते आणि किस्से मागं उरतात. गल्लीतल्या बाया आल्या की मी डबा उपडा करते. आज तुमच्यापुढं करते.

आधी थोडं सांगायला पाहिजे. आमचे हे नांदेडला एका उस्तादांच्या हाताखाली काम शिकले. उस्ताद शिकाऊ पोराला 'लौंडे' म्हणायचे, पक्क्या कारागिराला 'मिस्त्री'. लातूर वेगळा जिल्हा झाला तसं ह्यांच्या मनानं घेतलं, की आता तिथं हापिसं येणार, जिपा येणार, आपण आपलं गॅरेज टाकू. उस्ताद नाही म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, "जा. पर पहिलं पूरं इंजिन बांधशील ना, ते मेरे कू आणून ऐकव. रस्त्यात जाम झालं, तर हत्यारं गुंडाळून वापस ये."

ह्यांनी मान डोलावली. हत्यारांबरोबर बायको, म्हातारी आई आणि तान्ही गुड्डी एवढं सगळं गुंडाळावं लागेल, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं! मी शिकलेली सातवीपर्यंत, पण काळजी करण्यात माझी डिग्री झालीय.

आणि लातूरला पहिलं इंजिन आलं ते वकीलसाहेबांच्या मोटारीचं.

*

ही मोटार विलायती. वकीलसाहेबांच्या वडिलांनी निजामाच्या राज्यात घेतलेली. कित्येक वर्षं गोठ्यात उभी होती, मागच्या सीटवर कोंबडी अंडी उबवायची. ह्यांनी इंजिन सगळं उकललं, सोलापूरहून बोअर करून, म्हणजे आतून घासून आणलं, नवे पिस्टन, नव्या रिंगा घातल्या आणि परत बांधलं.

सुरू करायचा दिवस ठरला. वकीलसाहेबांनी नारळ फोडला. त्यांचे जुने ड्रायव्हर दस्तगीरचाचा 'बिस्मिल्ला' म्हणाले. आम्ही बौद्ध, तेव्हा सासूबाई मेणबत्ती लावून घेऊन आल्या, आणि हे किंचाळले, "आई, पेट्रोल हाय! लांब ने!" मेणबत्ती पार रस्त्यापलीकडं ठेवली. एवढं सगळं झाल्यावर इंजिनाची सुरू न व्हायची हिंमतच नव्हती.

तरी ते झालं नाही! चाचांनी पुढं उभं राहून इंजिन फिरवायचं हॅन्डल मारलं आणि बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज आला. हॅन्डल उलटं फिरलं. चाचांचा हात मोडता मोडता वाचला. गल्लीतली कुत्री गायब.

ह्यांनी बोनेटमध्ये डोकं घातलं आणि तसेच थिजले. प्लगच्या चार वायरी एकीला एक लागून ओळीनं लोंबत ठेवलेल्या होत्या, मग हे बॅटरी आणायला गेले आणि आल्यावर त्या त्याच ओळीनं प्लगला बसवल्या. पण ओळ मधल्या मध्ये बदललेली! पहिलीची तिसरी झालेली.

"माझ्या वायरींना कुणी हात लावला?"

सासूबाई म्हणाल्या, "म्या वेणी घातली. शुभ कामाला मोकळ्या केसानं कुणी बसतं का?"

*

वायरी सुधारल्या आणि इंजिन एका हॅन्डलला लागलं. त्या दिवशी ह्यांचा चेहरा मी पाहिला. गुड्डी झाली तेव्हासुद्धा एवढा उजळला नव्हता. बोलून दाखवलं नाही, पण ध्यानात ठेवलंय!

आता पुढचा प्रश्न पाण्याचा. ते वर्ष दुष्काळाचं. गल्लीत टँकर यायचा, तोही रुसून-फुगून. आणि ह्या मोटारीचा रेडिएटर म्हणजे हंडाभर पाणी एका घोटात पिणार. ह्यांनी काय करावं? टँकरच्या लाइनीत मोटारच ढकलत नेऊन उभी केली! पुढं घागर, मागं कळशी, मध्ये मोटार.

बाया पदर खोचून उठल्या. समोरच्या शांताबाई म्हणाल्या, "आता हिच्या नावानं रेशनकार्ड बी काढा!"

शेवटी तडजोड झाली. नवं इंजिन रोज सकाळी हळू चालवायचं असतं. चालून थांबलं, की रेडिएटरच्या खालच्या तोटीतून गरम पाणी बायांनी धुण्याला न्यायचं आणि टँकर आला की प्रत्येकीनं तांब्याभर परत भरायचं. सगळ्या खूश. पाणी तापवायचं सरपण वाचलं, पाणी दोनदा वापरलं गेलं. आमच्या गुड्डीची दुपटी तर मोटारीच्याच पाण्यात धुतली जायची.

फक्त एक झालं. पाण्यात गंज उतरायचा. चार दिवसांनी वकीलसाहेब आले, दोरीवरची दुपटी, परकर, धोतरं, सदरे बघत उभे राहिले आणि ह्यांना हळूच म्हणाले, "काय हो, अख्ख्या गल्लीला हळद लागली की काय?"

*

इंजिन नवं बांधलं की ते आवळलेलं असतं. रिंगा अजून घासून बसलेल्या नसतात. म्हणून पहिले काही दिवस हळू चालवायचं, ओझं टाकायचं नाही, तापू द्यायचं नाही, पळवायचं तर मुळीच नाही. ह्याला गॅरेजात 'इंजिन रवां करणं' म्हणतात. हे सगळं ह्यांनी वकीलसाहेबांना समजावून सांगितलं.

सासूबाई दारात बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हंजे बाळंतीणच की! एवढं इंग्रजी कशाला झाडून राहिला?"

झालं. त्या दिवसापासून मोटार सासूबाईंच्या ताब्यात. सकाळी सुरू करायच्या आधी तेल गरम केलं का? वारं लागतंय, बोनेटवर गोधडी टाकली का? मला सांगायच्या, "तुला जसं केलं, तसंच हिला करायचं." गुड्डीच्या वेळी मला केलं होतं, त्याच्या दुप्पट मोटारीला झालं!

मध्येच वकीलसाहेब आले. कचेरीत कसलासा मोठा कार्यक्रम होता, मोटारीनं जाऊन उतरावं असं त्यांच्या फार मनात. गोडीत म्हणाले, "तासाभरासाठी नेतो. लगेच परत आणतो."

सासूबाई उठून उभ्याच राहिल्या. "सव्वा महिना झाल्याबिगर उंबऱ्याबाहेर न्यायची न्हाई! तुमच्या घरच्या लेकीला धाडाल का तुमी?"

वकीलसाहेबांनी चपला घातल्या. जाताना ह्यांना म्हणाले, "आयुष्यभर वकिली केली. पण ह्या कोर्टावर अपील नाही."

*



एकदा टँकर आलाच नाही. सासूबाईंनी शेजारच्या आजारी पोराच्या कपड्यांसाठी सगळं पाणी काढून दिलं होतं, टँकर आला की भरू म्हणून. टँकर नाही, भरणं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी रोजच्यासारखं हॅन्डल मारलं. त्यांना वाटलं रेडिएटर भरलेला. इंजिन गोड चालू लागलं.

मी गुड्डीला कडेवर घेऊन जवळून चालले होते. माझी एक खोड आहे, कुठल्याही लेकराजवळून गेले की उलट्या हातानं कपाळ बघायचं. कधी त्या मोटारीलाही बघायची. त्या दिवशी बोनेट उघडं होतं. इंजिनाजवळ हात नेला तर कढईसारखी धग. रेडिएटरला लावला तर गार! डोकं तापलेलं आणि पाय थंड, असं लेकरू बघितलंय का कधी?  मी ओरडले, "बंद करा! बंद करा आधी!"

ह्यांनी बंद केलं, टोपण काढून बघितलं. आत खडखडाट, पाण्याचा थेंब नाही.

मी हंड्याकडं धावले तर ह्यांनी अडवलं. तापल्या लोखंडावर गार पाणी पडलं की तडा जातो. आता आपोआप निवू द्यायचं आणि मग आत पिस्टन चिकटले का, ते हॅन्डल फिरवून बघायचं. फिरलं तर लातूर. नाही फिरलं तर नांदेड.

आम्ही पायरीवर बसून राहिलो. सासूबाईंनी मोटारीकडं पाठ केली. सव्वा महिन्यात पहिल्यांदाच! खूप वेळानं हे उठले, हॅन्डल लावलं, डोळे मिटले आणि हळूच दाबलं.

फिरलं. लोण्यासारखं फिरलं.

ह्यांनी माझा उजवा हात धरला, उलटा करून बघितला आणि आईला म्हणाले, "आजपासून मोटारीला इच्यारल्याबिगर पाणी काढायचं न्हाई. अन् मोटारीला कसं वाटून राहिलं, ते हिला इच्यारायचं."

*

मग रस्त्यावरची ट्रायल. सासूबाईंनी तेवढ्यापुरती उंबऱ्याबाहेर जायची सूट दिली. सक्त ताकीद, वीस मैलाच्या वर काटा न्यायचा नाही. दस्तगीरचाचा "हौ, हौ" म्हणत गेले. चहावाल्याची किटली उकळायच्या आत औसा रोडला जाऊन परत आले!

हे लाल झाले. "चाचा, वीसनं गेलात?"

"बिल्कुल वीस."

"एवढ्या लवकर?"

चाचांनी टोपी काढली, डोकं पुसलं. "बेटा, मैं तो वीसनंच चाललो होतो. मोटार पुढं निघून गेली, मग मेरे कू बी जावं लागलं."

ह्यावर ह्यांनी जो इलाज काढला तो कुठल्या पुस्तकात सापडायचा नाही. दुसऱ्या दिवशीपासून ट्रायलला मागच्या सीटवर मी आणि मांडीवर गुड्डी! चाचांना लेकरांची फार माया. गुड्डी नुसती कण्हली तरी त्यांचा पाय वर यायचा. काटा वीसला खिळला तो खिळलाच.

वकीलसाहेब म्हणाले, "हा पार्ट विलायतेत मिळत नाही."

*

सव्वा महिना सरला आणि नांदेडला निघालो. पुढं चाचा आणि हे, मागं काळ्या कोटात वकीलसाहेब, मी आणि आमचा विलायतेत न मिळणारा पार्ट. मी गुपचूप दोन लुगडी जास्त घेतली. नांदेडलाच राहायची वेळ आली तर असावीत.

रस्ता उजाड. दोन्ही बाजूंना नुसती ढेकळं. आमची वीसची चाल. उतारावर सायकलवाले पुढं जाऊन मागं वळून बघायचे. अहमदपूरच्या अलीकडं एका गावाजवळ बघितलं, तर रस्त्यावर माणसंच माणसं. बाया रिकाम्या घागरी घेऊन उभ्या. सरपंचांनी हात आडवा केला आणि वकीलसाहेबांच्या गळ्यात टॉवेल घातला. मोठी मोटार, काळा कोट, आणि एवढं सावकाश कोण येतं? दुष्काळाची पाहणी करणारे साहेबच येतात!

वकीलसाहेब म्हणाले, "अहो, मी साहेब नाही. मी वकील आहे."

सरपंच म्हणाले, "मंग तर लई बरं झालं! साहेब आयकत न्हाईत. वकिलाला आयकायचाच पगार असतो."

तेवढ्यात मोटारीनं वाफ सोडली. चढ चढून तापली होती. मी हात लावून सांगितलं, "पाणी पाहिजे." चाचा खाली मान घालून सरपंचांपुढं उभे राहिले. "भाईसाब, थोडं पानी होना."

 मग घागर घेतलेली एक म्हातारी पुढं आली, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बघा गं बयांनो! आमी साहेबाला पाणी मागावं म्हणून सकाळधरनं उभ्या, अन् साहेबच आमाला मागून राहिला!"

अशी हसली सगळी माणसं! मी मात्र मान वर करू शकले नाही. हसता हसताच बाया घरात गेल्या आणि कुणी वाटीभर, कुणी पेलाभर, कुणी अर्धा तांब्या घेऊन आल्या. इंजिन निवेपर्यंत वकीलसाहेब पारावर बसून टँकरचा अर्ज लिहीत होते. परत आल्यावर तो अर्ज त्यांनी स्वतः जिल्ह्याच्या हापिसात नेला आणि टँकर चालू होईपर्यंत रोज त्या हापिसात जाऊन बसले. लोक सांगतात, जाताना मोटार अशी काही सावकाश चालवायला लावायचे, की हापिसाला लांबूनच धडकी भरावी!

*

नांदेडला उस्तादांचं गॅरेज आलं. इंजिन चालूच ठेवलं होतं. ह्यांनी उतरून सलाम केला.

"क्या रे लौंडे, आलास?" उस्ताद एवढंच म्हणाले. मोटारीकडं बघितलंसुद्धा नाही. भिंतीवरचा लांब स्क्रू ड्रायव्हर काढला, बोनेट उघडलं, टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

गॅरेजातली ठोकाठोक थांबली. उस्ताद एका जागी ऐकायचे, मग दुसऱ्या जागी. मी गुड्डीला घट्ट धरून मागच्या सीटवर बसले होते, पण ध्यान सगळं उस्तादांच्या तोंडाकडं. पायाशी लुगड्यांचं गाठोडं.

उस्तादांच्या कपाळाला आठी पडली.

"आवाज येतोय."

हे पुढं सरकले. "टॅपेटचा हाय का, उस्ताद?"

"न्हाई."

"बेअरिंग?"

"न्हाई."

"मंग... पिस्टन?"

उस्तादांनी स्क्रू ड्रायव्हर कानावरून काढला. सावकाश भिंतीवर जागच्या जागी लावला. हात पुसले. मग बोटानं मागच्या सीटकडं दाखवलं.

"पोरगी कवाची भुकेनं रडून राहिली, मिस्त्री. तिला बघा आधी."